व्हिनेगरचा राग

आते,

आधी बातमी सांगते, मग बाकीचं. काल तुझ्या नवव्या दिवसाला चर्चच्या हॉलमागच्या किचनमध्ये चाळीस माणसांचा अडोबो, तुझी ती व्हिनेगरमधली कोंबडी, मी केला, एकटीने केला, आणि एकदाही ढवळला नाही.

तुला खरं वाटणार नाही म्हणून साक्षीदार ठेवली होती. तुझी अंजू दाराशी हाताची घडी घालून उभी होती. "काकू, ममा सांगायची, तू नेहमी ढवळतो. आज नाही हं." सतरा वर्षांची घोडी झाली, ए-लेव्हल्सचा अभ्यास करते, पण तिच्या मराठीत मी अजून काकाच आहे. दोन मोठी पातेली उकळत होती आणि मी शाळेत शिक्षा झालेल्या पोरीसारखी हात मागे बांधून उभी. उजवा हात सारखा चमच्याकडे जायचा, डावा त्याला धरून ठेवायचा. पंचवीस मिनिटं. इतका वेळ स्वस्थ तर मी माझ्या लग्नातही उभी राहिले नव्हते.

तुमच्या फिलिपिन्समध्ये माणूस गेलं की नऊ दिवस प्रार्थना आणि नवव्या दिवशी जेवण. आमच्याकडे दहावा आणि तेरावा. दादा म्हणाले, दोन्ही करू, तिला कुठलंच जेवण चुकवलेलं चालायचं नाही. हे सांगताना ते हसले, आते. मग वळून बराच वेळ चष्मा पुसत बसले, ते वेगळं. अंजूने तुमच्या पद्धतीने तुझ्या फोटोपुढे बशी ठेवली, मी आमच्या पद्धतीने तुझं वेगळं पान वाढलं. म्हणजे काल तुला दोन पानं मिळाली. मेल्यावरही सिस्टरला डबल ड्यूटी, असं हे म्हणाले, आणि आम्ही सगळे मोठ्याने हसलो.

पण ही बातमी द्यायला मी कागद घेऊन बसलेली नाही. अकरा वर्षांपूर्वी आपल्या सासूबाईंना मी एक खोटं सांगितलं होतं. तुला ते माहीत होतं, आईंना नव्हतं. तू असेपर्यंत मी ते दुरुस्त केलं नाही. त्याचं आज सकाळी काय झालं ते तुला सांगायचं आहे, पण मला तुझ्यासारखं थोडक्यात सांगता येत नाही. मी माझ्या वाटेने येते.

एक्क्याऐंशीच्या नोव्हेंबरात मी कोल्हापूरहून लेस्टरला आले तेव्हा लग्नाला सहा आठवडे झाले होते. हे इथे होजिअरीच्या कारखान्यात मशिनं दुरुस्त करायचे. यांचे थोरले भाऊ, आपले दादा, हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर. दादांनी त्याच हॉस्पिटलातल्या फिलिपिनो नर्सशी रजिस्टर लग्न केलंय, हे मला लग्नाआधी सांगितलं होतं, पण खालच्या आवाजात, घरातल्या कुणाचा आजार सांगावा तसं. आईंनी निघताना बजावलं होतं, "तिच्याशी हसूनखेळून ऱ्हा. पर तिच्या हातचं खायाचं न्हाई. काय काय शिजवत्यात त्यांच्यात, देव जाणे." शिवाय आमच्याकडे म्हणच आहे, जावा जावा आणि उभा दावा. त्यामुळे मी विमानात बसतानाच कंबर कसली होती.

आणि दार उघडलंस तू. तुझ्या घरी, कारण आमच्या भाड्याच्या खोलीत अजून हीटर लागलेला नव्हता. मी वाकले, "अहो वहिनी" म्हणत. तू मला अर्ध्यात धरलंस. "नो वहिनी. आमच्या घरी मोठी बहीण म्हणजे आते. मी तुझी आते. आणि नो अहो." आमच्याकडे आते म्हणजे बापाची बहीण, पण त्या थंडीत कुठलीही आते चालली असती. तू मला तुझी लोकरीची चप्पल दिलीस आणि किचनमध्ये स्टुलावर बसवलंस. सासूची आज्ञा मी बरोबर चाळीस मिनिटं पाळली.

त्या चाळीस मिनिटांत मी जे पाहिलं त्याने माझी पाककलेवरची श्रद्धाच डळमळली. तू पातेल्यात कच्ची कोंबडी टाकलीस. वर व्हिनेगर, सोया सॉस, अख्खा गड्डा लसूण ठेचून, मूठभर मिरे, दोन पानं. झालं. फोडणी नाही, कांदा नाही, वाटण नाही, हळद नाही. व्हिनेगर मी तोवर फक्त कॉलेजच्या लॅबमध्ये हुंगलं होतं. मला वाटलं, ही नर्स आहे, आधी सगळं निर्जंतुक करून घेत असेल, स्वयंपाक नंतर सुरू होईल. मग तू भात वाढलास आणि त्यावर तो चकचकीत तपकिरी रस्सा घातलास. आंबट, खारट, मागून लसूण, आणि मिरं दाताखाली आलं की डोळे उघडायचे. मी तीनदा भात घेतला. दादा म्हणाले, "हळू, सुनंदा, उद्या तो अजून चांगला लागतो." उद्यासाठी मी काही शिल्लक ठेवलं नाही.

तिथेच मी पहिला गुन्हाही केला. उकळी फुटत होती, चमचा समोर होता, मी सवयीने घातला. तू माझ्या मनगटावर फटका मारलास. आपली ओळख होऊन तास झाला नव्हता आणि खरोखर फटका मारलास! "व्हिनेगर चिडली आहे, सुनंदा. लेट हर फिनिश. मध्ये बोललं की राग कोंबडीत जातो. मग निघत नाही." वाफ नाकाला झोंबायची थांबली की राग गेला असं समजायचं, आणि मग हवं तेवढं ढवळायचं. कोल्हापूरच्या बाईला न ढवळता रांध म्हणणं म्हणजे तोंड न उघडता भांड म्हणण्यासारखं आहे. मला ते सोळा वर्षांत जमलं नाही.

हा नियम तू साऱ्या जगाला लावायचीस. वॉर्डात आरडाओरडा करणाऱ्या पेशंटला, उशिरा घरी येऊन फणफणणाऱ्या दादांना, आणि आमच्या घरी भांडण झालं की रडत तुझ्याकडे आलेल्या मलाही. "डोन्ट स्टर," म्हणायचीस आणि किटली लावायचीस. मला अशा वेळी तुझा फार राग यायचा. चहा होईपर्यंत तो जायचा.

माझा पहिला स्वतंत्र अडोबो आठवतो? तू सांगितलं होतंस, दोन बे लीव्ह्ज. मी बेलग्रेव्ह रोडवरच्या आपल्या देशी दुकानातून तमालपत्र आणलं, लांब, तीन शिरांचं, मसालेभाताचं. सुपरमार्केटातली ती आखूड पानं वेगळ्याच झाडाची असतात हे मला कोण सांगणार! आणि एकदा तमालपत्र पडल्यावर माझा हात थांबेना. चार लवंगा गेल्या, दालचिनी गेली, आणि दालचिनी एकटी कशी राहील म्हणून वेलदोडा गेला. तू एक घास घेतलास, शांतपणे चावलास आणि म्हणालीस, "व्हेरी गुड, सुनंदा. नाऊ, भात कुठे आहे? ही बिर्याणी आहे."

दुसऱ्या वेळी उसाचं व्हिनेगर संपलं होतं. ते तुझी मैत्रीण टेसी लंडनहून आणायची. मी म्हटलं, व्हिनेगर ते व्हिनेगर, आणि चिप्सवर शिंपडतात ते काळपट माल्ट व्हिनेगर पाऊण बाटली ओतलं. हे कामावरून आले, दारातच वास घेतला, खुशीत हात धुऊन बसले आणि म्हणाले, "चिप्स कुठायत?" चार दिवस आमच्या पडद्यांना फिश अँड चिप्सच्या दुकानाचा वास येत होता. तू येऊन खिडक्या उघडल्यास आणि हसून हसून जिन्यात बसलीस.

फक्त एका बाबतीत मी तुला शेवटपर्यंत बधले नाही, ती म्हणजे कांदा-लसूण मसाला. माझी आई दरवर्षी डबा भरून पाठवायची. तू म्हणायचीस, अडोबोत तिखट नसतं. मी म्हणायचे, तिखट नसेल तर जेवावं कशाला, गोळी घ्यावी. तू माझ्याकडे यायचीस तेव्हा आधी तो डबा शोधून वरच्या फळीवर ठेवायचीस, आणि मी बुटकी म्हणून माझा हात पोचायचा नाही. काल डबा कुणी उचलून ठेवला नाही, आते. मी दोन्ही पातेल्यांत मोठा चमचा भरून घातला. ढवळायचं नाही एवढंच कबूल केलं होतं, घालायचं नाही असं नाही.

टेसीने पहिला घास घेतला आणि थांबली. "धिस इज नॉट लिगायाज," तुझं नाव घेऊन म्हणाली. मग दुसरा घेतला. "पण अडोबो आहेच हा. विच प्रॉव्हिन्स?"

"कोल्हापूर," मी म्हटलं.

टेसीने मनातल्या मनात तुमची सगळी बेटं तपासली असावीत. "आह," ती मान डोलावत म्हणाली, "साउथ." आणि बशी पुन्हा पुढे केली. म्हणजे सोळा वर्षांचा वाद मी जिंकले. हे तुला सांगायला मी वळले, आणि तू नव्हतीस. जिंकून काही मजा आली नाही. तू डबा वर ठेवायचीस तेच बरं होतं.

आता आईंचं. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात त्या तीन महिने राहायला आल्या आणि आमच्याकडे उतरल्या. थोरल्याकडे का नाही, तर म्हणे जिना चढवत नाही. आमच्याही घराला जिना होता, पण तो त्यांना चढवायचा. पहिल्याच भेटीत तू त्यांचा हात उचलून तुझ्या कपाळाला लावलास. तुमच्याकडचा वडीलधाऱ्यांना करायचा नमस्कार तो. आईंनी हात काढला नाही, पण मान वळवून मला विचारलं, "ही माझा ताप बघती का सवताचा?" तुला ते भरभर कोल्हापुरी कळलं नाही. काय म्हणाल्या, असं तू विचारलंस. मी सांगितलं, "औक्षवंत हो म्हणाल्या." म्हणजे बघ, खोटं बोलायला माझी सुरुवात तेव्हाच झाली होती.

तू रोज ड्यूटी संपवून यायचीस आणि चहा करायचीस. आई म्हणायच्या, "आत्ताच झाला." कप तिथेच निवायचा. तू तो काही न बोलता सिंकमध्ये ओतायचीस, कप धुवायचीस, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चहा करायचीस. साठ-सत्तर कप तरी ओतले असशील. मला ते बघवायचं नाही. म्हणून तुझ्या हातचं त्यांना नकळत खाऊ घालायचा कट मी रचला. आधी खाऊ दे, आवडू दे, मग सांगू. पोटात गेलेलं काय परत काढणार आहेत? तू नको म्हणत होतीस. मग कशी कोण जाणे कबूल झालीस.

त्या रविवारी हे आणि दादा आईंना देवळात घेऊन गेले आणि तू युनिफॉर्ममध्येच मागच्या दाराने आलीस. मला लसूण सोलायला दिलास. तो झाल्यावर म्हणालीस, आता हात मांडीखाली घालून बस. मी बसले. खरंच बसले, आते, त्या एका दिवशी बसले. तू राग जाईपर्यंत थांबलीस, मग तुकडे काढून तेलात खरपूस परतलेस, रस्सा आटवून पुन्हा त्यावर ओतलास. मग तोंड धुऊन, साडी नेसून, सगळे देवळातून परत आल्यावर घराला वळसा घालून पुढच्या दाराची बेल वाजवलीस, पाहुणीसारखी. दार उघडताना मला हसू आवरत नव्हतं.

आईंनी पहिला घास घेतला आणि थांबल्या. "कशानं आंबट केलीस गं? चिच न्हाई ही." मग त्या नुसत्या जेवत राहिल्या. दोनदा वाढून घेतलं. रस्सा भातावर वेगळा मागितला. शेवटी बोटं चाटत म्हणाल्या, "असली कोंबडी जन्मात खाल्ली न्हाई. कुणी केली?"

दादांनी माझ्याकडे बघितलं. ह्यांनी बघितलं. तू बघितलंस, ओठ घट्ट मिटून, डोळ्यांत हसू भरून. आता सुनंदा सांगणार, असं तुझ्या तोंडावर लिहिलेलं होतं. आणि मी म्हटलं, "मी."

का म्हटलं? मी स्वतःला नेहमी सांगितलं की घाबरले. त्या ताटावरून उठतील, ओकतील, तुझा सगळ्यांदेखत अपमान होईल. ते खरं आहे. पण अर्धंच. उरलेलं अर्धं आज लिहिते: पाच वर्षांत आईंनी माझ्या हाताला पहिल्यांदा चांगलं म्हटलं होतं आणि ते मला सोडवेना. आयत्या बिळावरचा नागोबा झाले मी. तूही हे ओळखलं असणार. माणसाची नाडी धरायची तुला सवय होती.

आणि तू काय केलंस? डोळ्यांतलं हसू क्षणभर कुठेतरी गेलं. मग परत आलं. तू बशी पुढे केलीस आणि सगळ्यांदेखत मराठीत म्हणालीस, "सुनंदा, फार छान झाला आहे. मला रेसिपी दे हं." दादांना असा ठसका लागला की पाणी द्यावं लागलं.

भांडी घासताना मी रडले तर तू म्हणालीस, "तिने खाल्लं. दोनदा. पोटाला कुठे कळतं कुणाचा हात? डोन्ट स्टर." मी म्हटलं, पण आई अजून तुझा चहा घेणार नाहीत. तू म्हणालीस, "शी इज स्टिल बॉयलिंग."

त्यानंतरची शिक्षा मी पुरेपूर भोगली. आईंनी कोल्हापुरात गल्लीभर डांगोरा पिटला, धाकटीच्या हातची आंबट कोंबडी. दर वेळी सुटीवर गेले की चार घरच्या बायका ताटं घेऊन हजर. जाण्याआधी तू मला शिकवणी द्यायचीस, बॅगेत सोया सॉस आणि ती आखूड पानं भरून द्यायचीस, आणि तिथे जाऊन मी ढवळायचे. कधी घसा धरायचा, कधी नुसतं सोया सॉसचं पाणी. आई घास घेऊन माझी समजूत घालायच्या, "लेस्टरसारखी न्हाई झाली. हिथलं पाणीच येगळं." मी हे परत येऊन तुला सांगितलं की तू टेबलावर डोकं टेकून हसायचीस.

आणि तुझे मोजे. त्या तीन महिन्यांत रोज नमस्कार करताना तुला आईंच्या पोटऱ्यांवरच्या सुजलेल्या शिरा दिसल्या होत्या. तेव्हापासून दर हिवाळ्यात तू गुडघ्यापर्यंतच्या घट्ट मोज्यांचं पार्सल पाठवलंस, ते कसे चढवायचे त्याची चित्रं काढून. आईंनी एकदाही आभार मानले नाहीत. पण नऊवारीच्या आत ते रोज घातले. तिसऱ्या वर्षी निरोप आला, "पुढच्या खेपंला करड्या रंगाचं पाठीव म्हणावं." तू तो निरोप एखाद्या बक्षिसासारखा फ्रिजवर लावून ठेवला होतास.

मी सांगून टाकायचं दहा वेळा ठरवलं. गेल्या नाताळात तर हट्टालाच पेटले. तू तुझ्या किचनमध्ये खुर्चीवर बसली होतीस, औषधांनी केस गेलेल्या डोक्यावर ती जांभळी टोपी, आणि मला ओरडत होतीस की लसूण कमी ठेचला. मी म्हटलं, आत्ता फोन लावते आईंना. तू हात वर केलास. "अजून उकळतंय. डोन्ट स्टर."

मी चिडले. "अकरा वर्षं कुठलं व्हिनेगर उकळतं गं? आटून पातेलं जळेल!"

तू हसलीस, खोकला येईपर्यंत हसलीस, आणि भांडण तिथेच राहिलं. मी फोन लावला नाही. पुढे तुझं दुखणंच इतकं वाढलं की विषय निघाला नाही. आते, तुझा नियम अडोबोला बरोबर आहे, वॉर्डात बरोबर असेल, माझ्या ह्यांना तर फारच बरोबर आहे. पण इथे तुझं चुकलं. कधीतरी चमचा घालावा लागतो. आणि माझं तुझ्याहून जास्त चुकलं, कारण तू धीर धरून गप्प होतीस आणि मी तुझ्या धीराच्या आड लपले होते. हे तुझ्या तोंडावर म्हणायचं राहिलं. बाकी कशाचं नाही, याचंच मला वाईट वाटतं.

तर आज सकाळी कोल्हापूरहून फोन आला. तू गेल्याचं यांनी त्याच दिवशी कळवलं होतं, पण आई तेव्हा कुणाशी बोलल्या नव्हत्या. आज त्यांनी मला मागितलं. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून त्या असं ओरडतात की फोन नसता तरी लेस्टरपर्यंत आवाज पोचला असता.

"झालं का तिचं समदं नीट?"

"झालं, आई. चाळीस माणसं जेवली."

"काय केलं हुतंस?"

"आंबट कोंबडी."

 पुन्हा बोलल्या तेव्हा ओरडत नव्हत्या, इतक्या हळू बोलल्या की मला फोन कानात खुपसावा लागला. "सुनंदा, अकरा वरसं ती पोरगी माझ्या पायांची काळजी घेत हुती. आजबी तिचंच मोजं पायात हायत. आन् म्या तिच्या हातचा घोटभर चा घेतला न्हाई. एकदा तरी तिच्या हातचं खायाला पायजे हुतं गं. ऱ्हाऊनच गेलं."

 मी चमचा घातला, आते.

"आई, तुम्ही खाल्लंय," मी म्हटलं. "दोनदा वाढून घेतलंत. रस्सा भातावर वेगळा."

आणि मग सगळं सांगितलं. मागचं दार, युनिफॉर्म, बेल वाजवून आलेली पाहुणी, आणि माझं ते "मी". पलीकडून आवाज येईना. मला हॅलो हॅलो म्हणायची, माफी मागायची, काहीबाही बडबडायची अशी काही उबळ आली की विचारू नकोस. मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला आणि गप्प उभी राहिले. वाफ जाऊ दिली.

"दोनदा?" आई म्हणाल्या.

"दोनदा."

"तरीच म्हटलं, तुझी तशी कदी झाली न्हाई. आन् मी आपली पाण्याला नावं ठेवत बसले!" त्या हसायला लागल्या. मग त्या हसत आहेत की रडत आहेत ते मला कळेना. माझंही मला कळत नव्हतं. जरा वेळाने नाक ओढून त्यांनी विचारलं, "मग त्यात तू काय केलंस गं?"

"लसूण सोलला. आणि ढवळलं नाही."

मला त्यांना व्हिनेगरचा राग समजावून सांगावा लागला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजी मीच की ती," म्हणाल्या. "शाणी हुती थोरली." इतक्या वर्षांत त्यांनी तुला थोरली सून म्हणून कधी हाक मारली नव्हती. आज नुसतं थोरली म्हणाल्या, आपल्या घरातलं माणूस म्हणतात तसं.

मग लगेच हुकूम सुटला. "भादव्यात ये. अविधवा नवमीला तिचं पान मांडायचं, हिथं, आपल्या घरात. सवाष्ण गेली आपली. त्या दिशी कोंबडी चालायची न्हाई, ती मागनं सवडीनं कर. पर कर."

"आई, मला तिच्यासारखी जमत नाही. ऐन वेळी ढवळलं जातंच."

"कसं जातंय बघू," आई पुन्हा ओरडायला लागल्या. "मी बसते की गॅसपाशी खुर्ची टाकून, तिचं मोजं घालून."